नीलांबरीच्या क्लॉझेटातलं झाड

मेथीची एक जुडी निवडून झाली होती, दुसरीचा दोरा नुकताच सुटला होता, तेवढ्यात बाथरूममध्ये वजनाचा काटा खट्‌कन वाजला. नीलांबरीचे हात पानांवरच थांबले.

"किती?" तिनं स्वयंपाकघरातूनच विचारलं.

"काटा बिघडलाय," आतून शशिकांत म्हणाले.

"अहो, किती?"

"एकशे अठ्ठावीस."

काटा बिघडला नव्हता. मागच्या दिवाळीत याच काट्यावर एकशे बासष्ट पौंड भरले होते आणि 'आता चकल्या बंद' म्हणून दोघं हसली होती. जानेवारीत पोटात गाठ निघाली. मार्चपासून किमो सुरू झाली. एकूण आठ डोस द्यायचे होते आणि डॉक्टरांनी अगदी सरळ सांगून ठेवलं होतं, की एकशे दहाच्या खाली गेलात तर पुढचा डोस देता येणार नाही, शरीर झेपणार नाही. तेव्हापासून नीलांबरीचं सगळं चित्त त्या एका आकड्यावर लागलेलं. पोथी वाचतानाही डोळे अध्यायाच्या आकड्याकडे गेले की तिला एकशे दहाच दिसायचं.

ही गोष्ट २००५ सालातली, सनीव्हेलची. शशिकांत चिप बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर. सहा वर्षांपूर्वी दोघं मिरजेहून आली, मूलबाळ नव्हतं. नीलांबरीचा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेला. त्यावर नोकरी करता येत नाही. गाडी तिला चालवता येत नव्हती. 'शिकवतो, शिकवतो' म्हणता म्हणता सहा वर्षं गेली आणि आता शिकवणाराच सोफ्यावर आडवा पडलेला. ग्रीन कार्डाची फाइल तीन वर्षं कुठल्याशा ऑफिसात धूळ खात पडली होती. दुसऱ्या मजल्यावरचा एक बेडरूमचा फ्लॅट, खाली लाँड्री रूम, कोपऱ्यावर बसचा थांबा. मार्चपासून तिचं जग एवढंच होतं.

त्या आठवड्यात हॉस्पिटलात गेले असताना डॉक्टर आपणहून म्हणाले होते, "मळमळ थांबायला आणि भूक लागायला काही पेशंट्सना गांजाचा उपयोग होतो. इथल्या कायद्यात बसतं. मी चिठ्ठी देतो, ती दाखवली की दुकानात मिळतो." शशिकांतांनी "नो, थँक यू" इतक्या घाईनं म्हटलं, की डॉक्टरांचं पेन हवेतच राहिलं. परत येताना गाडी कंपनीतला रवी चालवत होता, त्यामुळे नीलांबरी गप्प बसली. दार लावल्यावर मात्र तिला राहवलं नाही.

"चिठ्ठी घ्यायला काय झालं होतं?"

"नीला, चिठ्ठी म्हणजे कागद. कागदावर माझं नाव. इथल्या राज्याला चालतं, वॉशिंग्टनला चालत नाही. आणि आपली फाइल कुणाकडे आहे? वॉशिंग्टनकडे."

"मग काय उपाशी राहायचं?"

"तू मऊ भात कर. खातो मी."

त्यांनी चार चमचे खाल्ले, पाचव्याला उठून पळाले.

डोरिसला हे सगळं कळलं ते लाँड्री रूममध्ये. डोरिस खालच्या मजल्यावरची, सत्तरीची बाई, एका शाळेच्या कँटीनमध्ये जन्म काढलेली. आवाज मोठा, चष्मा जाड. नीलांबरीनं एका दिवसात तिसऱ्यांदा चादरी मशीनमध्ये टाकल्या तेव्हा डोरिसनं विचारलं, "नवरा?" नीलांबरीनं मान हलवली आणि तिथंच, मशीनला टेकून, सहा महिन्यांत पहिल्यांदा रडली. डोरिसचा नवरा फ्रँक याच दुखण्यात गेला होता. शेवटच्या वर्षी तिनं त्याच्यासाठी आपल्या कपाटात गांजाची झाडं लावली होती.

"झाडांवर लावायचा तो दिवा अजून माझ्याकडे आहे," डोरिस म्हणाली. "आता माझ्या डोळ्यांनी मला काही होत नाही. पण रोपं मिळवून देईन. बाकी तुझं तू."

"माझ्या नवऱ्याला चालणार नाही."

"त्याला उलट्या चालतायत?"

चार दिवसांनी दह्याच्या रिकाम्या डब्यांत तीन रोपं आली. नीलांबरीनं ती पदराखाली झाकून वर नेली. जिन्यात कुणी भेटलं नाही, तरी तिनं पदर घट्ट धरला होता.

ठेवायची कुठं, हा प्रश्नच नव्हता. सगळ्या घरात दार बंद होणारी, खिडकी नसलेली जागा एकच, बेडरूममधलं चालत आत जायचं कपड्यांचं क्लॉझेट. आणि तिथंच तिचं देवघर होतं. एका बाजूला शशिकांतांचे सूट आणि बॅगा, दुसऱ्या बाजूला फळीवर देवी, बाळकृष्ण आणि चांदीच्या वाटीएवढी महादेवाची पिंडी. शशिकांत तिथं कधी फिरकत नसत. आजारपणात ते हॉलमध्ये सोफ्यावरच झोपायचे, कपडे तीच काढून द्यायची.

रोपं फळीखाली ठेवायला तिचं मन धजेना. सकाळी आंघोळ करून हात जोडून उभी राहिली आणि महादेवालाच म्हणाली, "तुमचंच झाड आहे. महाशिवरात्रीला माझे आजोबा तुमच्या नावानं याचीच भांग घ्यायचे आणि दुपारभर हसत बसायचे. आता माझ्या माणसाला दोन घास जाऊ देत, एवढंच मागते. तयार झालं की त्यांना सांगेन. आधी सांगितलं तर उपटून टाकतील." मग तिनं डोरिसचा दिवा फळीच्या खालच्या बाजूला टांगला आणि टायमर लावला. समोरच्या दांडीवर आपली मोरपंखी पैठणी हँगरला सोडली, पडद्यासारखी.

पहिली चूक पाण्याची झाली. रोज देवाला पाणी घालायचं आणि फळीखालच्या जिवाला कोरडं ठेवायचं, हे काही तिला जमेना. तुळशीला घालावं तसा ती रोज तांब्या रिकामा करायची. पंधरा दिवसांत एक रोप पिवळं पडून माना टाकून बसलं.

"तू त्यांना बुडवून मारते आहेस, हनी," डोरिस म्हणाली. "बोट खुपसून बघ. कोरडं लागलं तरच पाणी."

"माझ्या सासूबाई म्हणायच्या, माझ्या हाताला झाड लागत नाही."

"सासूबाई इथं नाहीत. बोट खुपस."

दोन रोपं उरली. ती मात्र जोमानं वाढली. नीलांबरी दिवसातून दहा वेळा पैठणी बाजूला करून बघायची आणि दहा वेळा दार लावून घ्यायची. खाली मेंटेनन्सची गाडी लागली तरी ती क्लॉझेटचं दार पुन्हा ओढून बघायची. एकदा नळ दुरुस्त करणारा माणूस आला, तर त्याचं काम होईपर्यंत ती क्लॉझेटच्या दाराला पाठ लावून जपमाळ ओढत बसली. तो जाताना म्हणाला, "मॅम, यू ओके?" तिनं मान डोलावली. बाहेर जायचं तर शशिकांतांना एकटं कसं टाकायचं, आणि घरात राहायचं तर ते बंद दार सतत डोळ्यांपुढं. शशिकांत फाइलीत अडकलेले आणि ती शशिकांतांच्यात. आपण होऊन आणखी एक कुलूप घराला लावलं असं तिला वाटायचं, पण उघडायची हिंमत होत नव्हती.

जुलैत एकशे चोवीस. ऑगस्टच्या शेवटी एकशे अठरा.

सप्टेंबर लागला तेव्हा डोरिस वर आली, झाडं निरखून बघितली आणि म्हणाली, "आता फुलं धरायला हवीत. संध्याकाळी सातपासून सकाळी सातपर्यंत अंधार. अंधार म्हणजे काळाकुट्ट. फट नको, ठिपका नको. दोन महिने पाळ, ऑक्टोबरच्या अखेरीला तुझं काम होईल."

सातवा डोस तीन नोव्हेंबरला होता. जमत होतं, काठावर का होईना.

नीलांबरीनं अंधार पाळला तो एखादं व्रत पाळावं तसा. दाराखालच्या फटीत जुनं सोवळं गुंडाळून बसवलं. छतावरच्या स्मोक अलार्मच्या तांबड्या ठिपक्यावर काळी चिकटपट्टी. आत एक घड्याळ होतं त्याचे आकडे हिरवे चमकायचे, ते उचलून स्वयंपाकघरात नेलं. सांजवात करायची ती साडेसहालाच, आणि पावणेसातला दिवा शांत झाला की दार बंद. महिनाअखेरीला फांद्यांच्या टोकांना पांढरे केसर दिसले. त्या दिवशी तिनं शिरा केला. शशिकांतांनी वास येताच तोंड फिरवलं, पण तिनं स्वतः दोन वाट्या खाल्ल्या.

चार ऑक्टोबरला घट बसले. तिच्या माहेरचं नवरात्र कडक. पत्रावळीवर माती, मातीत सात धान्यं, वर घट, आणि शेजारी नऊ दिवस अखंड दिवा. गेल्या वर्षीपर्यंत तिनं यात एक दिवसही कसूर केली नव्हती, आणि यंदा तर मागणंच मोठं होतं. अंगठ्याएवढी जाड वात, काचेची चिमणी, शेरभर तेल. रात्री दोनदा उठून ती तेल घालायची. डोळ्यांत झोप, तोंडात देवीचं नाव, दिव्यावर हाताचा आडोसा.

शुक्रवारी हळदीकुंकू होतं. नको म्हणता येण्यासारखं नव्हतं. सुनेत्राकाकूंनी फोनवरच ठरवून टाकलं होतं, "तू काही करू नकोस, आम्ही आणतो सगळं. पण देवीला येणार." सुनेत्राकाकू म्हणजे सनीव्हेलमधल्या तमाम हळदीकुंकवांच्या हेडमास्तरीण. बरोबर यामिनी होती, नुकतीच एम.एस. करून नोकरीला लागलेली, जिभेला हाड नसलेली.

आत येऊन काकूंनी नाक वर केलं. "वास कसला गं? ओल्या पाल्यासारखा?"

"कडीपत्ता," नीलांबरी म्हणाली. "आत ठेवलाय. थंडीचा."

"ऑक्टोबरात? सनीव्हेलमध्ये? अगं, माझा बाल्कनीत उघडा उभा आहे!"

"काकू, नीलांबरीताईंचा कडीपत्ता श्रीमंत आहे," यामिनी म्हणाली. "त्याला वॉक-इन क्लॉझेट मिळालंय. मी दोन वर्षं हॉलमध्ये कार्पेटवर झोपले यार. मला एक रोप द्या ना."

"देईन हं. जरा मोठं होऊ दे."

सोफ्यावरून शशिकांतांनी पांघरुणातून हात बाहेर काढून नमस्कार केला. काकू त्यांच्याकडे क्षणभर बघत राहिल्या आणि मग उगाच मोठ्यानं म्हणाल्या, "चांगलेच दिसताय की!"

क्लॉझेटात एका वेळी एकीलाच बसता येत होतं. काकू गुडघे धरत खाली बसल्या, देवीला कुंकू वाहिलं, उगवून आलेल्या धान्याचं कौतुक केलं. "दिवा किती सुंदर तेवतोय. रात्रभर राहतो?"

"एकदाही शांत झाला नाही," नीलांबरीला अभिमान लपवता आला नाही.

उठताना काकूंचा हात आधारासाठी पैठणीकडे गेला. "आणि ही अशी टांगून? बाई, जरीचा पदर मोडेल! घडी घालून देते मी—"

"काकू, हात नका लावू! सोवळ्यातली आहे!"

काकूंनी निखाऱ्यावरून उचलावा तसा हात मागं घेतला. "अगोबाई. आधी सांगायचंस ना." आणि तिच्याकडे बघून, थोड्या आदरानं, "इथं राहून एवढं पाळतेस. खरंच हो."

त्या गेल्यावर नीलांबरीनं देवीपुढं नाक घासलं. घट बसलेले असताना ती दोनदा खोटं बोलली होती.

दसऱ्याला घट हलले. धान्याचे पिवळसर कोंब तिनं शशिकांतांच्या कानावर ठेवले. त्या दिवशी काटा एकशे चौदावर होता.

बारा दिवसांनी, दुपारी, शशिकांत झोपले असताना डोरिस वर आली. तिनं पैठणी बाजूला केली, चष्मा कपाळावर ढकलला, नाक फुलांना लावलं आणि एकेक फांदी वळवून बघू लागली. नीलांबरीला मात्र ती ताजी हिरवाई बघून आनंद होत होता. पांढऱ्या केसरांतून नवी, लहान, गुळगुळीत पानं फुटून वर आली होती.

"वाढतंय ना?"

"वाढतंय. तेच नको होतं." डोरिसनं एक टोक चिमटीत धरलं. "फुलायचं सोडून हे परत पानांवर आलंय. झाड गोंधळलंय. रात्री उजेड कुठून येतो इथं?"

"कुठूनच नाही!" नीलांबरीनं तिला चिकटपट्टी दाखवली, फटीतलं गुंडाळलेलं सोवळं दाखवलं, घड्याळ हलवल्याचं सांगितलं. डोरिसनं दिवा बंद केला, दार लावून घेतलं. दोघी अंधारात सुटांना टेकून उभ्या राहिल्या.

"चांगला अंधार आहे," डोरिसचा आवाज आला. "माझ्यापेक्षा चांगला केलायस. मग?"

दार उघडलं तेव्हा तिची नजर फळीकडे गेली. छताला काजळीचा काळा गोल उमटला होता.

"ते काय?"

"तो देवाचा दिवा. रोज थोडाच वेळ असतो, सातच्या आत शांत होतो. फक्त ते नऊ दिवस अखंड होता."

"नऊ दिवस. रात्रीसुद्धा?"

"रात्रीच तर विझू द्यायचा नसतो."

डोरिस मोठ्या बॅगेवर बसली.

नीलांबरी फळीकडे बघत राहिली. भिंगातून बघावा तेवढा तांबडा ठिपका तिनं झाकला होता. दाराची फट, घड्याळाचे आकडे, फोनच्या चार्जरचा दिवा, सगळं तिनं शोधून शोधून मारलं होतं. आणि झाडांपासून दोन हातांवर जो दिवा तिनं स्वतः उठून उठून तेवत ठेवला, तो तिच्या लेखी उजेड नव्हताच. तो देवीचा होता. त्याला उजेड म्हणतात हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

"परत फुलांवर येईल?"

"कदाचित. सहा-सात आठवडे. कदाचित नाही."

तीन नोव्हेंबरला दहा दिवस होते.

डोरिस गेल्यावर ती हॉलमध्ये आली. शशिकांत जागे होते, छताकडे बघत. ती त्यांच्या पायाशी बसली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. रोपं, डोरिस, पैठणी, दिवा.

"मला माहीत आहे," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"झाडांचं. जुलैपासून. नीला, मला किमो चालू आहे. खाली कुणी कांदा चिरला तरी इथं कळतं. तुला वाटलं, हा वास कळणार नाही?"

"मग उपटून का नाही टाकलंत?"

"गेलो होतो एकदा, तू लाँड्रीला गेलीस तेव्हा. तिथवर हात पोचायला देवापुढं गुडघे टेकावे लागले. बसलो थोडा वेळ, आणि आलो परत." ते थांबले. "भूक लागावी असं मलाही वाटतं गं. फक्त माझं नाव नको होतं."

नीलांबरीनं मान वर केली. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती आणि असल्या आवाजात ती त्यांच्याशी कधी बोलली नव्हती.

"तुमचं नाव नको. आणि सापडलं असतं तर? क्लॉझेट कुणाचं, पैठणी कुणाची? माझं नाव चाललं असतं?"

"तसं नाही म्हणालो मी."

"तसंच झालं पण. मी चार महिने नळवाल्याला घाबरत काढले. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही पांघरूण घेऊन पडून राहिलात."

शशिकांतांनी डोळे मिटले. त्यांच्या मिटलेल्या पापण्यांवर एकही केस उरला नव्हता, आणि ते बघून तिचा राग अर्ध्यावरच अडला. पण बोलणं तिनं थांबवलं नाही. "फाइलीत माझं नाव तुमच्या नावाखाली आहे. वरचं गेलं तर खालचं राहणार आहे का? फाइलीतले कागद वाचलेत मी. ग्रीन कार्डासाठी तुम्ही उपाशी राहायचं, आणि ते आलं की मी एकटीनं काय करायचं त्याचं? फ्रेम?"

शशिकांतांनी पांघरूण बाजूला सारलं. मग ते उठायला लागले. तिनं हात दिला. भिंतीला धरत ते बाथरूममध्ये गेले आणि काटा खट्‌कन वाजला.

"एकशे अकरा," ते दारातून म्हणाले. काटा बिघडलाय असं यावेळी म्हणाले नाहीत.

टेबलाशी बसून त्यांनी हॉस्पिटलच्या नावानं चार ओळी लिहिल्या, की माझी पत्नी माझ्या वतीनं गांजाची चिठ्ठी घेऊन जाईल. सही केली. ती पुसट उमटली, तेव्हा त्यांनी खाली पुन्हा एकदा केली. "मला काही झेपणार नाही जायला-यायला. आणि रवीला सांगायचं नाही."

"मी जाते बसनं."

"बदलावी लागत नाही ना?"

"नाही. बावीस नंबर थेट जाते."

"आणि उद्या फाइलवर काही आलं याच्यावरून? परत जा म्हणाले तर?"

"माहीत नाही मला," नीलांबरी म्हणाली. खरंच माहीत नव्हतं. फाइल तिथंच होती, व्हिसा तसाच बांधलेला होता आणि चिठ्ठी हातात आली तरी तीन नोव्हेंबरपर्यंत त्यांच्या पोटात किती राहील हे कुणीच सांगू शकत नव्हतं.

आता झाडं घरात नकोत म्हणून संध्याकाळी डोरिसनं दोन्ही कुंड्या धुण्याच्या टोपलीत टॉवेलांखाली घालून खाली नेल्या. जाताना शशिकांतांकडे बघून "हाय, हँडसम" म्हणाली, तेव्हा ते चक्क लाजले. नीलांबरीनं मऊ भात केला, त्यांनी तीन चमचे खाल्ले, आणि ते आत राहिले का नाही हे बघायला ती अर्धा तास पाटावरून हलली नाही.

मग तिनं सही केलेला कागद, त्यांचं ओळखपत्र आणि बसचे सुटे पैसे पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवले. सकाळी नऊ चाळीसच्या बसनं हॉस्पिटलात जाऊन डॉक्टरांकडून चिठ्ठी आणायची होती.